चावीवाल्याचं पोट आणि चेंबरचं तोंड

आमचा चावीवाला रस्त्यातल्या चेंबरच्या तोंडात अडकला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते आणि बघायला निम्मा बाजार हजर होता. पाय आत, छाती बाहेर, आणि मधला ऐवज लोखंडी कडीत बुचासारखा घट्ट. कोपरं रस्त्यावर टेकलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी खिडकीत रेलून रहदारी बघतोय. जवळ गेल्यावर कळायचं की कानाच्या पाळ्या लाजेनं लाल झाल्यात.

वर दोर धरून उभा राहणारा त्याचा जोडीदार, ज्याला सगळा पाणीपुरवठा विभाग भोंगा म्हणतो, तो त्या दिवशी नावाला जागला. "बाजूला व्हा! माणूस अडकलाय! तमाशा आहे का?" असं इतक्या मोठ्यानं ओरडला, की ज्यांना पत्ता नव्हता तेही दुकानं सोडून आले. शेवटी तिघांनी काखेत हात घालून ओढलं. चावीवाला वर आला, शर्टाची तीन बटणं खाली गेली.

"दादा, लागलं का?" कुणीतरी विचारलं.

"लागलं नाही," तो शर्ट धरत म्हणाला, "पण पाणी आता उशिरा येणार."

नळ फिरवला की पाणी आपोआप येतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगते. आपोआप काही येत नाही. कुणीतरी पहाटे साडेचारला उठून, खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकून, गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत जातो, म्हणून येतं. आमच्या चावीवाल्याकडे दोनशे बारा व्हॉल्व्ह आहेत. बहुतेक वरूनच फिरतात. पण एकोणीस जुने असे आहेत, की चेंबरमध्ये उतरून हातानं फिरवावे लागतात. सव्वीस वर्षं तो हे करतोय. चावीचं एक टोक पाइपवर टेकवतो, दुसरं कानाला लावतो आणि सांगतो, "पलीकडच्या कोपऱ्यावर गळतंय. पिठाच्या गिरणीसमोर." खणलं की तिथंच निघतं. नकाशे ऑफिसात आहेत, पण ते कपाटात. खरा नकाशा याच्या डोक्यात.

आणि रोज नऊ किलोमीटर चालणाऱ्या या माणसाला ढेरी. नाजूक नव्हे, सेहेचाळीस इंचांची. माणूस कोपऱ्यावर वळण्याआधी ती वळायची. मी आमच्या कामगार संघटनेची चिटणीस. 'ढेरी म्हणजे आळशाचं लक्षण' असं म्हणणाऱ्यांशी मी कित्येकदा भांडलेय. पण हे पोट आलं कुठून, ते मलाही कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा कागद आला. तीन महिन्यांनी तपासणी, तोवर जुन्या चेंबरमध्ये भोंगा उतरेल. सुरक्षा पट्टा बांधून जुन्या चेंबरमध्ये विनाअडथळा उतरता आलं आणि वर येता आलं तर चावी राहील. नाही जमलं तर बदली, मुख्य ऑफिसातल्या तक्रार खिडकीवर.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, माणसाची पोटं मोजता, चेंबरची तोंडं कधी मोजलीत? कागदावर अठरा इंच. शिडीच्या पायऱ्या त्यातले चार-पाच इंच खातात. मोठं करा तोंड!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, एकोणीस चेंबर फोडायला मंजुरी यायला तीन वर्षं लागतील. आणि मला एक सांगा. चेंबर साठ वर्षं तेवढंच आहे ना?"

"आहे."

"मग वाढलंय कोण?"

मी कागदाची घडी घातली आणि न भांडता बाहेर आले. असं फार क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवते.

इतरांना वाटलं, बरं झालं, म्हातारपणी सावलीत बसेल. चावीवाला मात्र हबकला. "बाई, मला खिडकीत बसवू नका," तो संघटनेच्या खोलीत येऊन म्हणाला. "तिथं माणसं येऊन ओरडणार, पाणी आलं नाही, पाणी आलं नाही. आणि माझ्या हातात चावी नसणार. नुसतं लिहून घ्यायचं? मी मरून जाईन हो. आणि मरायला वेळ लागला तर तोवर अजून सुटेन."

गडी रडवेला झाला होता. मी म्हटलं, "तीन महिने आहेत. पोट काही सरकार नाही, की हलणारच नाही."

हे वाक्य मला पुढं महागात पडलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर झोपवलं, पोट दाबलं, रक्त तपासलं आणि विचारलं, "खाता काय?" त्यानं सांगितलं. साधं खाणं, दोन वेळचं. त्या म्हणाल्या, "तेल कमी, भात निम्मा, भाज्या दुप्पट, रात्रीचं जेवण आठच्या आत. शिवाय व्यायाम. आणि एक लक्षात ठेवा. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी जात नाही. ती सगळ्या अंगावरून जाते. पोटाची सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"तिचा मुक्काम जुना आहे म्हणून."

झालं. घरात राज्य बदललं. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेचे गणवेश शिवतात. बाईचा हात कापडावर जसा सरळ चालतो तसा निर्णयावरही. त्यांनी तेलाची बरणी माळ्यावर टाकली, साखरेचा डबा शेजारणीकडे ठेवायला दिला आणि उकडलेला दुधी, उकडलेलं गाजर, उकडलेलं जे काय उकडता येईल ते, असा कारभार सुरू केला. नवरा उपाशी आणि आपण तुपाशी नको, म्हणून स्वतःही तेच खाऊ लागल्या. सकाळच्या फेरीनंतर चावीवाला अंगणात सतरंजी टाकून उठाबशा काढायचा, पालथं पडून कोपरांवर अंग तोलून धरायचा. वहिनी मशीनवरून सेकंद मोजायच्या. "एकवीस... बावीस... अहो, पोट टेकलंय!"

"टेकलेलं नाही. लोंबतंय."

दर रविवारी गणवेश मोजायच्या टेपनं माप. पहिला रविवार, सेहेचाळीस. दुसरा, सेहेचाळीस. तिसरा, सेहेचाळीस आणि थोडं. वहिनी मात्र दोन इंचांनी उतरल्या. गाल बसले, बांगड्या मनगटावरून घसरायला लागल्या. शिलाई घेऊन येणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "तब्येत बरी आहे ना हो?"

"ताई," त्या मला म्हणाल्या, "उपास यांचा आणि फळ मला, हा कुठला न्याय?"

मलाही शंका आली. चौथ्या आठवड्यात मी पहाटे त्याच्याबरोबर फेरीला निघाले. म्हटलं, बघू तरी हे पोट जगतं कशावर.

पहिली गल्ली. त्यानं चावी बसवली, चौदा फेरे फिरवली. दार उघडलं. एक काका बनियनवर बाहेर आले, हातात कप. "घ्या चावीवाले, गरम आहे. दोन बिस्किटं पण आहेत." यानं घेतलं. दुसरी गल्ली, न्हावी. दुकान अजून बंद, पण चहा तयार. तिसऱ्या गल्लीत एक शिक्षिका, चहा आणि केकचा तुकडा. "काल मुलाचा वाढदिवस होता." पाचव्या गल्लीत तर चहा भिंतीवर झाकून ठेवलेला होता, वर चिठ्ठी, 'चावीवाल्यांसाठी.' मी बोटांवर मोजत होते. सतरा. सतरा कप! कपाला दोन चमचे साखर धरली तर चौतीस चमचे. बिस्किटं आणि केक वेगळेच.

मी रस्त्यातच ओरडले, "अहो, हे काय आहे?"

तो खरंच गोंधळला. "काय?"

"सतरा चहा प्यायलात तुम्ही!"

"हो, पण खाल्लं कुठं काही? चहा म्हणजे काय खाणं आहे का, बाई? डॉक्टरीणबाईंनी खाणं विचारलं, मी खाणं सांगितलं."

"आणि बिस्किटं?"

"ती चहातली."

यात त्याची लबाडी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते. पाणी खात्यातला कुठलाच माणूस गल्लीतला चहा मोजत नाही. जुन्या चावीवाल्यांपासून चालत आलंय. प्रत्येक गल्लीला वाटतं, आपला चहा प्यायला तर आपला व्हॉल्व्ह अर्धा फेरा जास्त उघडेल. हा कुणालाच अर्धा फेरा जास्त देत नाही. पण नाही म्हणायचीही सोय नाही, कारण नाही म्हटलं की लोक घाबरतात. म्हणजे हे पोट याचं नव्हतंच. सतरा गल्ल्यांनी मिळून, वर्गणी काढल्यासारखं, चमच्या-चमच्यानं उभं केलेलं ते सार्वजनिक बांधकाम होतं.

"उद्यापासून बंद," मी म्हटलं. "स्पष्ट नाही म्हणायचं."

"घरी सांगू नका," तो म्हणाला.

मी सांगणार नव्हते. पण गल्ल्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी यानं सतरा ठिकाणी मान हलवून चहा नाकारला आणि शहराच्या या भागात घबराट पसरली. चावीवाला चिडलाय. कुणावर? सहावी गल्ली म्हणाली, आमच्यावरच असणार, परवा आमच्यातल्या एकानं त्याच्या चावीला सायकल टेकवली होती. संध्याकाळी सहाव्या गल्लीचं शिष्टमंडळ मिठाईचा खोका घेऊन थेट घरी. मी तिथंच होते. वहिनी दुधी चिरत होत्या.

"वहिनी, चूक झाली असेल तर पदरात घ्या," शिष्टमंडळातले काका म्हणाले. "सव्वीस वर्षं आमचा चहा घेतात. आज कपाला हात लावला नाही. बिस्किटं तशीच राहिली. आमच्या मुलांनी त्यांचा काही अपमान केला का?"

वहिनींची सुरी थांबली. "कसला चहा?"

"सकाळचा. आमच्याकडे पाच पन्नासला असतो. आमच्या आधी पाचव्या गल्लीचा, पण त्यांचा पांचट असतो."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सतरंजीवर पालथा होता, कोपरांवर. तो तसाच राहिला. त्या दिवशी त्यानं एक मिनिट वीस सेकंद अंग तोलून धरलं. तो त्याचा तोवरचा विक्रम.

शिष्टमंडळ गेल्यावर वहिनी उठल्या. "किती?"

"काय किती?"

"कप!"

"...सतरा."

"सतरा!" त्यांनी दुधी उचलला. मला वाटलं, हाणतात. "महिनाभर मी गवत खातेय! गाल बसले माझे! शेजारीण विचारते, घरात काही कमी आहे का! आणि तुम्ही तिकडं दारोदार चहा-बिस्किटं झोडताय?"

"अगं, ते कामात मोडतं."

"कामात? मग मीही गणवेशात मोडते. प्रत्येक काजामागं एक बिस्किट खाते. चालेल?"

मी मध्ये पडले. कुठं पडले असं झालं. "आणि तुम्ही ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना? संघटना काय फक्त पुरुषांची आहे?" मी उठून पाणी प्यायला गेले. माणसानं कधी गप्प बसावं हे मला उशिरा शिकायला मिळालं, पण मिळालं.

चहा बंद करायचा प्रयत्न मी माझ्या पद्धतीनं केला. पत्रक काढलं आणि सतरा गल्ल्यांच्या तोंडाशी चिकटवलं. 'चावीवाल्यास चहा देऊ नये. पाणी सर्वांना समान मिळेल.' मला वाटलं, चोख काम झालं. दुसऱ्या दिवशी नऊ गल्ल्यांत कॉफी. चहा चालत नाही म्हणजे आता कॉफी लागते, असा लोकांनी अर्थ काढला. अकराव्या गल्लीत तर दोन्ही ठेवलेलं.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमचं पत्रक ठेवा बाजूला. उद्या मी जाते." पहाटे त्या नवऱ्याबरोबर निघाल्या. पहिल्या दारातून कप बाहेर आला. वहिनींनी हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ज्या दारातून चहा येईल, त्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी."

काकांनी कप असा मागं घेतला, की अर्धा त्यांच्या बनियनवर सांडला.

अर्ध्या तासात बातमी सतराव्या गल्लीला पोहोचली. मी इतकी वर्षं लोकांना हक्क आणि समानता समजावतेय. या बाईनं एका वाक्यात काम फत्ते केलं. त्या वाक्यात समानता औषधालाही नव्हती, पण ते असो.

त्यानंतर माणूस उतरायला लागला. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. आधी चेहरा गेला. मग मान, मग दंड. महिन्याभरानं आमचा चावीवाला दोन वेगवेगळी माणसं जोडून केल्यासारखा दिसायला लागला. वरचा कुणी बारीक शिक्षक आणि मधला जुना चावीवाला. भोंगा म्हणाला, "दादा, सगळं घर रिकामं झालं, पण हा भाडेकरू काही हलत नाही!" हे त्यानं चौकात सांगितलं, त्यामुळे चौकालाही कळलं. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी भाडेकरूनंही सामान बांधायला घेतलं. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. साडेत्रेचाळीस. वहिनींनी पँटची कंबर दोनदा आत घेतली. उकडलेल्याबरोबर आता थोडं परतलेलंही मिळायला लागलं, कारण त्या म्हणाल्या, माझंही आयुष्य आहे.

तपासणीला बारा दिवस उरले तेव्हा आम्ही डेपोतल्या जुन्या चेंबरवर गुपचूप तालीम केली. चावीवाला सुर्रकन खाली! भोंग्यानं आरोळी ठोकली. वर आला, मी म्हटलं, "आता पट्टा बांधून."

पट्टा बांधला. जाड पट्टी, दोन लोखंडी कड्या, पुढं बक्कल. उतरला आणि बेंबीपाशी थांबला.

इथं मला एक कबुली द्यायला हवी. तो पट्टा मीच आणलेला. काही वर्षांपूर्वी आमचा एक माणूस चेंबरमध्ये गुदमरून बेशुद्ध पडला होता, वर काढायला काही नव्हतं. नशीब बलवत्तर म्हणून जगला. त्यानंतर चार वर्षं मोर्चे, निवेदनं, साहेबांच्या दारात ठिय्या. तेव्हा कुठं प्रत्येक माणसाला पट्टा मिळाला. आणि आता तोच दीड इंच आडवा आला.

चावीवाला कोपरांवर रेलून माझ्याकडे बघत होता. "बाई, एवढ्या दिवसापुरतं साहेबांना सांगा. पट्ट्याशिवाय बघा म्हणावं. तुमचं ऐकतील."

"नाही."

"दीड इंचाचा प्रश्न आहे हो!"

"एका माणसाला सूट दिली की उद्या सगळ्यांना विनापट्टा ढकलतील. मेलात तरी पट्टा सोडायचा नाही!"

"मेल्यावर कशाला लागतोय?" तो म्हणाला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. घरी आल्यावर झोप लागत नव्हती, ती गोष्ट वेगळी. त्याची चावी गेली तर ती माझ्यामुळं जाणार होती आणि माझं म्हणणं तरीही बरोबर होतं. बरोबर असण्यासारखा ताप नाही.

सहाव्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना डेपोत घेऊन गेले. त्यांनी त्याला दोनदा उतरताना पाहिलं आणि विचारलं, "उतरताना श्वासाचं काय करता?"

"धरतो ना. छाती भरून. पोट आत राहतं."

"आत राहत नाही. छाती भरली की पोट खालून फुगतं आणि घट्ट होतं. फोटोसाठी ठीक आहे, भोकासाठी नाही. सगळा श्वास सोडायचा, हात डोक्यावर न्यायचे आणि मग सरकायचं."

सव्वीस वर्षं माणूस उलटा श्वास घेऊन उतरत होता आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

तपासणी बाजारातल्याच चेंबरवर ठेवली होती. साहेब फाईल घेऊन, भोंगा दोर घेऊन, वहिनी शिवणाचं काम सोडून. बाकी बाजार होताच. पट्टा मी स्वतः बांधला, बक्कल ओढून पाहिलं. चावीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पाय गेले. मांड्या गेल्या. पोट कडीला टेकलं आणि थांबलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. चावीवाल्याचा चेहरा फुगत चालला होता. भीतीपोटी गडी परत छाती भरत होता.

"अहो!" वहिनी गर्दीतून ओरडल्या. "सोडा! श्वास सोडा!"

"सोडा!" भोंगा गरजला. त्याचं ऐकून निम्म्या बाजारानं आपापला श्वास सोडला. चावीवाल्यानं डोळे मिटले, हात वर नेले, फुस्स करून सगळी हवा सोडली. बक्कल लोखंडावर करकरलं. पोट थोडं डावीकडे झालं, थोडं उजवीकडे, आणि माणूस दिसेनासा झाला.

खालून आवाज आला, "उतरलो. व्हॉल्व्ह फिरवतोय. एक... दोन..."

अठ्ठावीस फेरे त्यानं मोजले, आम्ही वरून ऐकले. मग हात आधी वर आले, मग डोकं, मग एक क्षण काहीच नाही, मग परत ती हवा सुटण्याची फुस्स आणि तो रस्त्यावर. पोटाला उभा लाल ओरखडा. शर्टाची बटणं शाबूत, वहिनींनी जाड दोऱ्यानं लावली होती.

साहेबांनी लिहिलं. 'पात्र. पुढील तपासणी एक वर्षाने.' खाली सही.

"वर्षानं?" चावीवाला धापा टाकत म्हणाला. "म्हणजे दुधी वर्षभर?"

वहिनींनी ठामपणे मान डोलावली. मी पट्ट्याचं बक्कल सोडत होते. "बाई," तो हळूच म्हणाला, "ओरखडा पट्ट्यानं पडलाय बरं का." बारा दिवसांनंतरचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "पडू दे."

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक म्हाताऱ्या आजी पुढं आल्या. हातात रिकामी बादली. त्यांनी ना साहेबांकडे बघितलं, ना फाईलकडे.

"अरे ए चावीवाल्या! पावणेआठ झाले! आमच्या गल्लीत थेंब नाही, आणि तू इथं गोतावळा जमवून बसलायस? काम करायचं नसेल तर तसं सांग ना!"

आमच्या चावीवाल्याचा चेहरा असा फुलला, की तसा साहेबांच्या सहीनंही फुलला नव्हता. त्यानं रस्त्यावर आडवी पडलेली चावी उचलली, खांद्यावर टाकली.

"ओरडू नका आजी," तो म्हणाला, "आलोच. पुढं व्हा, बादली लावा." आणि ढांगा टाकत आजींच्या आठव्या गल्लीकडे निघाला.